सीए, पाच वर्षांचा अनुभव, जीमॅट ६६५ : हार्वर्ड, व्हार्टन, इनसीडच्या एमबीएला माझी शक्यता किती?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे मी कशावर बोलतोय ते बाकीच्यांनाही कळेल. वय २८. सांगलीत बी.कॉम., सीए दुसऱ्या प्रयत्नात, सीएफएच्या (गुंतवणूक विश्लेषकांची परीक्षा) दोन लेव्हल झालेल्या. दोन वर्षं एका मोठ्या ऑडिट फर्ममध्ये, मग तीन वर्षं मुंबईत एका एनबीएफसीच्या (बँक नसलेली, पण कर्ज देणारी वित्त कंपनी) क्रेडिट विभागात. जीमॅट (एमबीएची प्रवेशपरीक्षा) ६६५. जानेवारीच्या फेरीत हार्वर्ड, व्हार्टन, इनसीड, लंडन बिझनेस स्कूल आणि इंडियन स्कूल ऑफ बिझनेस (आयएसबी) अशा पाच ठिकाणी अर्ज, आणि एमबीएनंतर अमेरिकेत प्रायव्हेट इक्विटी, म्हणजे कंपन्यांमध्ये मोठा हिस्सा घेणाऱ्या फंडात नोकरी. शेवटी विचारलंय, "शक्यता टक्क्यांत सांगाल का?"

टक्क्यांत नाही सांगत. जो सांगेल त्याला फी देऊ नका. मी स्वतः सीए आहे, मूळचा जयसिंगपूरचा. पहिल्या वर्षी तीन बिझनेस स्कूलना, म्हणजे आमच्या भाषेत शाळांना, अर्ज केले आणि तिन्हीकडून मुलाखतीलाही न बोलावता नकार आला. पुढच्या वर्षी इनसीडला लागलो. तिथल्या मुलाखती माजी विद्यार्थीच घेतात, त्यामुळे नंतर टेबलाच्या पलीकडे बसायचीही वेळ बरेचदा आली. खालचं सगळं त्या दोन्ही बाजूंच्या अनुभवातून लिहितोय.

आधी जीमॅट, कारण सगळ्यांना तीच चिंता असते. नव्या परीक्षेतले ६६५ म्हणजे जुन्या मोजपट्टीवर साधारण ७१०-७२०. त्याच जुन्या मोजपट्टीवर हार्वर्डच्या वर्गाचा मध्यांक अलीकडे ७४० होता. म्हणजे तुम्ही मधल्या रेषेच्या थोड्या खाली आहात. हे काही नापास होणं नाही, पण भारतीय अर्जदारांचे स्कोअर जरा चढेच असतात आणि तुलना आधी त्यांच्याशीच होते. सीए असून क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, मार्क गेले असतील तर ते विशेष खटकतं. नव्या परीक्षेत भूमिती नाही, वाक्यदुरुस्तीही नाही. आपल्यासारख्यांचा वेळ खातो तो डेटा इनसाइट्सचा, म्हणजे तक्ते-आलेख वाचण्याचा भाग. सहा आठवडे त्यावर घालवून एकदा परत द्या. ६८५ च्या वर गेलात तर हा विषय संपला. नाही गेलात तरीही संपला, तिसऱ्यांदा देऊ नका.

सीए दुसऱ्या प्रयत्नात झाल्याबद्दल तुम्ही जवळजवळ माफी मागितली आहे. कशासाठी? फायनलचे दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांचा निकाल बऱ्याच वेळा दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान लागतो. बोस्टनमध्ये अर्ज वाचणाऱ्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही. त्याला फक्त तुमचे सीएचे ५४ टक्के दिसतात, आणि त्याच्या देशात ५४ म्हणजे दिवे लावले. त्यामुळे तुमच्या वेळचा निकाल किती लागला होता ते अर्जात एका ओळीत टाका. आणखी स्पष्टीकरण नको.

आता मुख्य मुद्दा. हार्वर्डला अलीकडच्या वर्षांत आठ ते दहा हजार अर्ज येतात आणि जागा साधारण ९३०. त्या वर्गात प्रायव्हेट इक्विटी, व्हेंचर कॅपिटल आणि वित्तसेवा मिळून साधारण पाव हिस्सा असतो. म्हणजे फायनान्सवाल्यांचं त्यांना वावडं नाही, उलट त्यांच्याकडे भरपूर आहेत. तुमच्या गठ्ठ्यात कोण बसलंय ते डोळ्यांसमोर आणा : मुंबईतल्या परदेशी बँकांचे ॲनालिस्ट, फंडांत दोन वर्षं काढलेले आयआयटीवाले, आणि तुमच्या-माझ्यासारखे सीए. या सगळ्यांच्या रेझ्युमेत 'अमुक कोटींचा पोर्टफोलिओ हाताळला' हे वाक्य असतं. तुमच्याही आहे. मी पहिल्या वर्षी पाठवलेल्या अर्जात ते तीनदा होतं.

आणि तरीही तुमच्याकडे असं काहीतरी आहे जे त्या गठ्ठ्यात दुसऱ्या कोणाकडे नसेल. ते तुम्ही कंसात टाकलंय : "(मध्ये सहा महिने इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांची थकीत खाती पाहिली, पण ते फिल्डचं काम होतं, त्यामुळे रेझ्युमेत घेतलं नाही.)"

ही ओळ वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. आमच्या घरापासून इचलकरंजी हाकेच्या अंतरावर. खर्चीवाला यंत्रमागधारक म्हणजे काय हे तिथल्या पोरालाही माहीत असतं : सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याच्या पदरी नुसती विणायची मजुरी. कागदावर त्याची उलाढाल फुटकळ दिसते. व्यापारी पैसे देणार त्याच्या सोयीने, तुमचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. म्हणजे तो थकतो तेव्हा दर वेळी त्याची नियत खोटी असते असं नाही. पुष्कळदा कर्जाचा आराखडाच त्याच्या धंद्याच्या चालीला धरून नसतो. तुम्ही सहा महिने तिथे होतात, म्हणजे हे पाहिलं असणारच. मग केलंत काय? कोणाला मुदत वाढवून दिलीत, कोणाची मशिनरी ओढून आणायला सांगितलीत, आणि ते कशाच्या जोरावर ठरवलंत? बँक स्टेटमेंटवर की लाइटबिलावर? मुख्य ऑफिसातल्या कोणाशी वाजलं का? तुमचा अंदाज कुठे चुकला?

त्यात काळाची भरही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने, बँका एनबीएफसींना जी कर्जं देतात त्यांच्यावरचं रिस्क वेट (कर्जामागे बँकेने किती भांडवल राखायचं ते ठरवणारं माप) वाढवलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते परत खाली आणायचा निर्णय जाहीर केला. मधल्या काळात बऱ्याच कंपन्यांना पैसा महाग पडला. मुंबईच्या ऑफिसात वाढलेला तो पाव-अर्धा टक्का इचलकरंजीच्या शेडपर्यंत कसा पोचतो हे तुम्ही दोन्ही टोकांना उभं राहून पाहिलंय. फंडातल्या ॲनालिस्टला हे एक्सेलमध्ये दिसतं, आणि तेही दिसलं तर. हार्वर्ड आता एका मोठ्या निबंधाऐवजी तीन छोटे निबंध मागतं : व्यवसायाची दृष्टी, नेतृत्व आणि वाढ. तुमचे किमान दोन या सहा महिन्यांतून निघतात. कर्जदारांची नावं, कंपनीचे आतले आकडे अर्थातच घालायचे नाहीत.

इथे आपल्या भाषेची एक अडचण येते. आपण चारचौघांत 'मी केलं' म्हणत नाही, 'आम्ही केलं' म्हणतो. ते चांगलं वळण आहे. पण मुलाखतीत त्याचंच इंग्रजी होतं आणि समोरच्याला कळत नाही की यात या माणसाचा हात किती. मी घेतलेल्या एका मुलाखतीत एक हुशार मुलगा वीस मिनिटं 'वुई' म्हणत होता. शेवटी विचारलं, "तू त्या दिवशी रजेवर असतास तर काय वेगळं झालं असतं?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "कर्ज मंजूर झालं असतं." अरे, मग वीस मिनिटं हे का लपवलंस! तुमच्या प्रश्नातही सगळीकडे 'आमच्या टीमने' आहे. हाच प्रश्न स्वतःला विचारून बघा.

शिफारसपत्रांचं तुम्ही एका वाक्यात उरकलंय : सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. ते घेऊ नका. शाळांच्या नियमांत हे बसत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे तीन निबंध नि दोन पत्रं एकाच हातची असली की वाचणाऱ्याला दोन परिच्छेदांत कळतं. सरांना वेळ नसेल तर त्यांच्यासोबत अर्धा तास चहाला बसा, चार प्रसंगांची आठवण करून द्या आणि उठा. पद मोठं असलेल्या पण तुम्हाला नावापुरतं ओळखणाऱ्या साहेबापेक्षा तुम्ही इचलकरंजीत असताना रोज फोनवर असलेला मॅनेजर कधीही बरा.

तुमच्या अर्जात मला सगळ्यात कच्चं वाटलं ते ध्येय. एनबीएफसीच्या क्रेडिटमधून थेट अमेरिकेतल्या प्रायव्हेट इक्विटीत एमबीएच्या बळावर उडी फार थोड्यांना जमते. ते फंड बहुतेक जागा आधी तेच काम किंवा इन्व्हेस्टमेंट बँकिंग केलेल्यांना देतात. प्रवेश समितीला हे माहीत असतं, आणि न जमणारं ध्येय लिहिणारा उमेदवार पुढे नोकरीविना बसेल ही भीती त्यांना असते. तुमच्या अनुभवाला जोडून असलेली वाट वेगळी आहे : प्रायव्हेट क्रेडिट (बँकांऐवजी फंडांनी कंपन्यांना थेट दिलेली कर्जं), लहान उद्योगांना कर्ज देणारे फंड, विकास वित्तसंस्था. हे कमी प्रतीचं म्हणून सुचवत नाही. मला विचाराल तर इथे तुम्ही त्या आयआयटीवाल्यांच्या पुढे आहात.

शाळा त्याप्रमाणे निवडा. इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये शिरायचंच असेल तर उन्हाळी इंटर्नशिप लागते. ती दोन वर्षांच्या अमेरिकन अभ्यासक्रमात आणि लंडनमध्ये मिळते. इनसीडचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा, तिथे इंटर्नशिपला जागा हवी तर जानेवारीची तुकडी धरावी लागते. आयएसबी एक वर्षाचं. भारतातच राहायचं असेल तर खर्चाच्या मानाने उत्तम. आणि यादीत आयआयएम अहमदाबादचा अनुभवी लोकांसाठीचा अभ्यासक्रम, पीजीपीएक्स, का नाही? त्याला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे.

आता माझा अंदाज. आज आहे तसा अर्ज गेला तर हार्वर्ड आणि व्हार्टन अवघड, इनसीड आणि लंडन काठावर, आयएसबीत मुलाखतीपर्यंत नक्की जाल असं वाटतं. इचलकरंजी कंसातून बाहेर आली आणि ध्येय जमिनीवर आलं तर इनसीड-लंडनला मी तुमच्या बाजूने पैज लावेन. हार्वर्डला तेव्हाही लावणार नाही, पण अर्ज करू नका असंही म्हणणार नाही. मात्र जानेवारीत पाच अर्ज एकदम नकोत. दोन करा, उरलेले सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत. पाचव्या निबंधापर्यंत माणूस कंटाळून कॉपी-पेस्ट करतो आणि एका शाळेचं नाव दुसरीच्या निबंधात राहतं. मी केलंय हे.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण वडिलांचं दुकान आहे असं लिहिलंय म्हणून बोलतो. अमेरिकेतली दोन वर्षं राहण्या-खाण्यासकट दोन लाख डॉलरच्या वर जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. पुढे तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना वगळल्याचा खुलासा आला, तरी कंपन्या बिचकल्यात. शिष्यवृत्ती न मिळता दुकान गहाण टाकून जायचा बेत असेल तर आधी घरी हिशेब मांडा, आणि सीए म्हणून मांडा, लेक म्हणून नको. जे. एन. टाटा एंडोमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीचा अर्ज भरून ठेवा. १८९२ पासून चालू आहे, रक्कम एमबीएच्या मानाने थोडी, पण नावाला वजन आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, आता एखाद्या एनजीओत नाव घालू का? नको. अर्जाच्या तीन महिने आधी सुरू झालेलं समाजकार्य तारखेवरूनच ओळखू येतं. तुम्ही आर्टिकलशिपपासून, म्हणजे सीएच्या उमेदवारीपासून, दर रविवारी गावाकडच्या सीए फाउंडेशनच्या पोरांना अकाउंट्स शिकवताय असं तिसऱ्या परिच्छेदात सहज लिहून गेलात. किती पोरं, त्यांतली किती पास झाली, मध्येच किती सोडून गेली, एवढं एका कागदावर काढा आणि तेच द्या.