माझ्या किश्शाला कोणी हसत का नाही?

तुम्ही लिहिलंय की तोच किस्सा मित्राने सांगितला की सगळे खो खो हसतात आणि तुम्ही सांगितला की नुसतं 'हं हं' करतात. मला वाटतं तुम्ही मुद्द्याची गोष्ट आधीच बोलून टाकत असणार, बहुतेकांचं तिथेच बिनसतं.

आमचे मामा एसटीत कंडक्टर होते, त्यांचा एक किस्सा घरात सगळ्यांना पाठ आहे तरी दर दिवाळीला सांगायला लावतो. कराड-पाटण गाडी, बाजारचा दिवस, उभं राहायला जागा नाही, आणि एक आजी मांडीवर बुट्टी घेऊन बसलेली, वरून फडकं बांधलेलं. मामा विचारतात, "आजी, बुट्टीत काय हाय?" "भाजी हाय." मामा पुढे सरकतात, आणि मागून एकदम कुकूऽऽच कू! अख्खी गाडी गप्प. "आजी, भाजी आरवली की ओ!" इथे मामा थांबतात, बुट्टीवर हात ठेवल्यासारखा करतात, अगदी शांत चेहरा, आणि आजी होऊन म्हणतात, "ताजी हाय लेका."

आता बघा, यात मामा 'कोंबडा' हा शब्द एकदाही उच्चारत नाहीत. माझ्या मावसभावाने हाच किस्सा ऑफिसात सांगितला, सुरुवातच केली "एका आजीने कोंबडा लपवून आणला होता", झालं, संपलं तिथेच! म्हणून तोंड उघडायच्या आधी शेवटचं वाक्य मनात पक्कं करा, मग त्या वाक्याला काय काय लागतं तेवढंच सांगा. बुट्टी लागते, फडकं लागतं, गर्दी लागते कारण त्याशिवाय गाडी गप्प होण्यात मजा नाही. साल कुठलं, ड्रायव्हर कोण, मंगळवार होता की बुधवार यातलं काही लागत नाही, आणि बायको मधेच "अहो बुधवार होता" म्हणाली तर "हो बुधवार" म्हणून पुढे जा, वाद नको. "ऐका, लय भारी किस्सा आहे" असंही म्हणू नका, समोरचा हात बांधून परीक्षकासारखा बसतो.

थांबणं शिकायचं असेल तर द. मा. मिरासदारांचं कथाकथन ऐका. ते, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर तिघं मिळून गावोगाव कथा सांगायला जायचे, समोर मोठा जमाव, हातात फक्त आवाज. कानाला हेडफोन लावून फक्त एवढंच बघा की हशा यायच्या आधी शेवटचा शब्द कुठला येतो. मी एकेक कथा चार-चार वेळा ऐकली आहे, खरंच कळायला लागतं.

आणि हो, समोर बसलेल्या माणसाची फजिती सांगायची असेल तर त्याला आधी बाजूला घेऊन विचारा. तो नको म्हणाला तर तो किस्सा कितीही भारी असू दे, सोडून द्या.

नवीन किस्सा मी आधी घरात बहिणीला भाकऱ्या थापताना सांगते. तिचा हात जिथे थांबतो तो भाग ठेवते, जिथे ती कंटाळून "मग?" म्हणते त्याच्या आधीचं सगळं छाटते.