मांजर परवडेल, कार्ड परवडत नाहीये

प्रश्न : वय 36, हातात पगार 92,000. पत्नी, दोन मुलं, वाकडला नवव्या मजल्यावर फ्लॅट, गृहकर्ज 38 लाख बाकी. मुलांसाठी मांजर घ्यायचंय. केसांचा व्याप नको म्हणून ब्रिटिश शॉर्टहेअर की एक्झॉटिक शॉर्टहेअर, यात अडकलोय. दोन्ही साधारण 55,000 ला. तेवढे बाजूला ठेवलेत. मादी घेतली तर पिल्लं विकून पैसे सुटतील, असं विक्रेता म्हणतो. क्रेडिट कार्डावर 1,40,000 थकलेत (त्यात पॉलिसीचा एक लाखाचा हप्ता), पण दरमहा 7,000 नियमित भरतो. कोणती जात स्वस्त पडेल?

उत्तर : आखूड केस म्हणजे कमी खर्च, असं नसतं. एक्झॉटिक म्हणजे आखूड केसांची पर्शियनच. चपटा चेहरा, पाझरणारे डोळे रोज पुसायचे, उन्हाळ्यात धाप. ब्रिटिशला आठवड्यातून एकदा विंचरलं की भागतं. पण त्या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो. आईबापांची इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) झालीय का, हे विक्रेत्याला विचारा आणि त्याचा चेहरा बघा. खाणं, शी-शूची वाळू (लिटर), लस, डॉक्टर मिळून महिना 3,000 धरा. मांजर 15 वर्षं सहज जगतं; महागाई न धरता साडेपाच लाख झाले. पिल्लं विकायचं डोक्यातून काढा, नसबंदी करा.

आता तुमच्या पत्रातल्या कंसाकडे येतो.

कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के. 1,40,000 वर 4,900, त्यावर 18 टक्के जीएसटी, जवळपास 5,800. तुमच्या ‘नियमित’ 7,000 मधून कर्ज फिटतं जेमतेम 1,200. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नसते. कार्डावर भाजी घेतलीत तरी पहिल्या दिवसापासून व्याज.

पॉलिसीचे कागद सोबत जोडलेत, बरं केलंत. जानेवारी 2025 मध्ये मुदत ठेव संपली आणि त्याच आठवड्यात बँकेतून फोन! शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं. या ‘गॅरंटीड’ योजनेत परतावा निघतो साडेपाच टक्क्यांच्या आसपास, आणि तिचा दुसरा हप्ता भरायला तुम्ही 42 टक्क्यांचं कर्ज काढलंत. कशासाठी, तर हजारभर रुपयांच्या रिवॉर्ड पॉइंटसाठी. बरं, विमा किती? दहा लाख. उद्या तुम्ही नसलात तर 38 लाखांचं घर पत्नीनं कशातून सोडवायचं?

मांजराचे 55,000 आजच कार्डात भरा. उरलेल्या 85,000 चं वर्षभराचं वैयक्तिक कर्ज 15 टक्क्यांनी मिळालं तरी हप्ता 7,700 च्या आत बसतो, म्हणजे आजच्यापेक्षा फार तर 700 जास्त, आणि वर्षात सगळं फिटतं. कार्ड कपाटात. एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, निव्वळ विमा) आधी घ्या. प्रकृती ठीक असेल तर वर्षाला 15-18 हजार. तो हातात पडल्यावरच जुन्या पॉलिसीची सरेंडर (आत्ता मोडली तर मिळणारी) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मुदतीअखेर मिळणारी), दोन्ही रकमा कंपनीकडून लेखी मागवा. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार पहिल्या वर्षानंतरही सरेंडर रक्कम मिळते. भरलेल्या दोन लाखांपेक्षा ती बरीच कमी असेल, राग येईल. पण तिसरा हप्ता भरू नका.

मांजर पुढच्या वर्षी. केस आखूडच हवेत ना? आपली देशी मांजरं आखूड केसांचीच असतात आणि निवाऱ्यातून दत्तक मिळतात. तोवर बाल्कनीला जाळी तेवढी लावून घ्या. नववा मजला आहे.