स्वतःच्या पैशाने घेतलेला गेमिंग कन्सोल जेलब्रेक केला तर ती पायरसी होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुना कन्सोल डिस्क वाचत नाही. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार म्हणतो, जेलब्रेक करून देतो (म्हणजे कंपनीने घातलेलं सॉफ्टवेअरचं लॉक तोडून बाहेरचं काहीही चालेल असं करतो), डिस्कची कटकटच नको. मोठा भाऊ म्हणतो, ही पायरसी आहे, पोलीस पकडतील. मी त्याच भागात रिपेअरिंग करतो. वकील नाही, पण हा कायदा धंद्याच्या गरजेपोटी वाचलाय.

भावाचं म्हणणं बहुधा अमेरिकेतून आलंय. तिथे १९९८च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने डिजिटल लॉक तोडण्यालाच मनाई केली, मग हेतू काहीही असो. त्यातून सवलती मिळतात, पण दर तीन वर्षांनी मागून घ्याव्या लागतात. २०१०मध्ये फोनच्या जेलब्रेकला सूट मिळाली, २०१२मध्ये कन्सोलला नाकारली. बिघडलेला डिस्क ड्राइव्ह बदलण्यापुरती मोकळीक कन्सोलला मिळाली ती थेट २०२१मध्ये. स्वतःचं यंत्र दुरुस्त करायला तेवीस वर्षं!

आपला कायदा इथे जास्त शहाणा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ घातलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड, पण लॉक तोडण्यामागे कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू असला तरच. कायद्याने ज्या कामाला मनाई नाही त्यासाठी लॉक तोडलं, तर हे कलम आड येत नाही, असंही त्यातच लिहिलंय. तुम्हाला त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम चालवायचीय, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम टाकायचाय, तर खुशाल टाका. गंमत पुढे आहे. दुसऱ्याला लॉक तोडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कशासाठी तोडलं याची नोंद ठेवायची आहे. असं रजिस्टर मी आजवर एकाही गाळ्यात पाहिलेलं नाही.

मेख कुठे आहे सांगतो. दुकानदार जेलब्रेकसोबत गेमनी भरलेली हार्डडिस्क देतो, तिथे. त्या कॉपी चोरीच्याच. ते भरून देणाऱ्याला कलम ६३ लागतं: सहा महिने ते तीन वर्षं आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी ६३ब आहे, किमान सात दिवसांची कैद; धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय खास कारण देऊन कैदेऐवजी दंडावर सोडू शकतं. 'मी फक्त खेळलो' ही सबब तिथे चालत नाही, कारण माहिती प्रक्रिया करणारं कुठलंही उपकरण या कायद्यात कॉम्प्युटर धरलं जातं.

कंपन्यांची भीती खोटी नाही. माझ्याकडे जेलब्रेक मागायला येणाऱ्यांत फुकट गेम हवे असणारेच जास्त, लिनक्सवाला एखादाच. पण म्हणून मालकाचे हात बांधायचे हे मला पटत नाही. सोनीचंच घ्या. प्लेस्टेशन ३ विकताना त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची सोय होती. एप्रिल २०१०च्या अपडेटमध्ये कंपनीने ती काढून घेतली. अपडेट नको म्हणावं तर ऑनलाइन खेळणं बंद. घेतलेल्या वस्तूतून विकल्यानंतर एक सोय काढून नेली, त्याला काय म्हणायचं? पुढच्या जानेवारीत जॉर्ज हॉट्झ या तरुणाने त्या कन्सोलचं लॉक उघडणारी गुप्त डिजिटल किल्ली जाहीर केली, कंपनीने खटला भरला आणि एप्रिलमध्ये तडजोड जाहीर झाली. शिक्षा कॉपी विकणाऱ्याला व्हावी, स्क्रू उघडणाऱ्याला नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणखी एक. जेलब्रेक केलेला कन्सोल ऑनलाइन नेलात तर कंपनी तो कायमचा बॅन करू शकते. तो गुन्हा नाही, त्यांच्या करारातली अट आहे. पण ऑनलाइन खेळणं गेलं ते गेलं.

आता तुमच्या कन्सोलचं. डिस्क वाचत नसेल तर आधी लेझर लेन्स तपासायला सांगा, बऱ्याचदा तीच गेलेली असते. अख्खा ड्राइव्ह दुसऱ्या कन्सोलचा टाकू नका. प्लेस्टेशन ३सारख्या कन्सोलमध्ये ड्राइव्हचा बोर्ड त्याच कन्सोलच्या मदरबोर्डशी जुळवलेला असतो, दुसरा बोर्ड तो ओळखतच नाही. कारागीर चांगला असेल तर जुना बोर्ड ठेवून फक्त लेन्स बदलतो. मग जेलब्रेकची गरजच उरत नाही. तरी करायचाच असेल तर हार्डडिस्क रिकामी द्या, रिकामीच परत घ्या आणि बिलावर नेमकं काय काम केलं ते लिहून घ्या.