टेकडीवरचं घर घेण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

ऑकलंडमधल्या तितिरांगीच्या घराचे फोटो पाहिले. उत्तरेकडून येणारं ऊन, डेकखालची पोंगाची (उंच नेच्याची) झाडं, लांबवर दिसणारं मनुकाऊ बंदराचं पाणी. तुम्हा दोघांना ते का आवडलं हे सांगायला नको. पण शेवटी तू लिहिलंस, "आणि काकू, काही झालंच तर कौन्सिल घर विकत घेतंच ना आता." त्या एका वाक्यामुळे फोन न करता पत्र लिहायला बसले. फोनवर तू "हो हो" म्हणशील आणि विषय तिथेच संपेल.

२०२३ मध्ये काय झालं ते तुला बातम्यांतून माहीत आहे, तेव्हा तू इथे न्यूझीलंडमध्ये नव्हतीस. २७ जानेवारीला ऑकलंडवर असा पाऊस कोसळला की एका दिवसात पूर्ण उन्हाळ्याचं पाणी पडलं. जमीन त्यातून सुकलीच नव्हती, तोवर फेब्रुवारीच्या मध्यावर गॅब्रिएल चक्रीवादळ आलं. पहिल्या पावसाने भिजलेले उतार दुसऱ्या पावसात सुटले. मुरीवाई, पिहा, करेकरे, तितिरांगी, सगळीकडे. मुरीवाईला लोकांना वाचवायला गेलेले अग्निशमन दलाचे दोन स्वयंसेवक दरडीखाली गेले. त्याच मुरीवाईत १९६५ सालीही दरड कोसळून दोघांचा जीव गेला होता. तो कडा मूळचा जुन्या वाळूच्या टेकड्यांचा, कच्ची घट्ट झालेली वाळू. हे भूगर्भाच्या अभ्यासकांना ठाऊक होतं, जुन्या रहिवाशांच्या आठवणीत होतं. मधल्या काळात घरं मात्र बांधली जात राहिली, विकली जात राहिली.

त्यानंतर सरकारनं घरांचे वर्ग पाडले. वर्ग १ म्हणजे राहायला हरकत नाही. वर्ग २ म्हणजे काही काम केलं तर धोका कमी होईल. ते काम वस्तीसाठी करायचं असेल तर २सी, एकाच घरापुरतं असेल तर २पी. आणि वर्ग ३ म्हणजे जिवाला असलेला धोका सोसण्यापलीकडचा आणि तो कमी करण्याचा व्यवहार्य उपाय नाही. सरकार आणि कौन्सिल (इथली महापालिका) यांनी विकत घ्यायची तयारी दाखवली ती फक्त या वर्ग ३ ची घरं. दारावर चिकटवलेला लाल किंवा पिवळा कागद वेगळा आणि हा वर्ग वेगळा, हे आपल्या लोकांना समजावताना माझी दमछाक व्हायची. लाल कागद म्हणजे "सध्या आत जाऊ नका". त्यावरून घर विकत घेतलं जाईल असं मुळीच ठरत नव्हतं. दरडीच्या बाबतीत कसोटी साधारण अशी होती: त्या घरात राहणाऱ्या माणसाचा दरडीत मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला १०,००० मध्ये १ हून जास्त आहे का? भिंतीला तडा गेलाय की नाही हा मुद्दाच नव्हता.

आपल्या मंडळातल्या एका कुटुंबाचं सांगते. घर आतून जसंच्या तसं. स्वयंपाकघरातली एक फरशीसुद्धा हलली नव्हती. पण मागचा उतार सुटला होता, आणि तो उतार त्यांच्या मालकीचाही नव्हता. दारावर पिवळा कागद, म्हणजे दिवसाउजेडी थोडा वेळ आत जायची परवानगी. पहिल्या फेरीत त्या बाईंनी देव आणि पासपोर्ट आणले, दुसऱ्या फेरीत मुलांच्या शाळेचे कपडे. मागच्या सिमेंटच्या वाटेवर एक भेग पडली होती. तिच्या दोन्ही बाजूंना त्यांनी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या आणि प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात तारीख. प्रत्येक फेरीत पट्टी लावून मोजायच्या. मी गेले तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या तारखेच्या रेघांमध्ये माझं बोट मावत होतं. त्यांचं घर वर्ग ३ मध्ये गेलं. शेजारच्याचं २पी ठरलं, आणि दोन घरांमध्ये फक्त एक कुंपण होतं.

हे ठरायलाच एक वर्षाहून जास्त गेलं. पैसे कुणी किती द्यायचे यावर सरकार आणि ऑकलंड कौन्सिल यांचं जमलं ते २०२३ च्या ऑक्टोबरात. त्यानंतर एकेका उतारावर जिओटेक इंजिनियर (जमीन आणि उतार तपासणारा) जाणार, अहवाल लिहिणार, तो तपासला जाणार, मग पत्र येणार. तोवर मॉर्गेज चालू, कौन्सिलचे रेट्स (घरपट्टी) चालू आणि वर दुसऱ्या घराचं भाडं. विम्यातून मिळणाऱ्या भाड्याच्या पैशाला मर्यादा असते, ती संपली की सगळं खिशातून. पैशाहूनही मला जास्त लागलं ते एवढं की त्या काळात कुठलाच निर्णय घेता येत नाही. नोकरी बदलायची का, मुलीची शाळा बदलायची का, सासूबाईंना इकडे बोलवायचं का, सगळ्याला उत्तर एकच: "पत्र आलं की बघू."

आता रकमेचं. वादळाआधीचा, म्हणजे २६ जानेवारी २०२३ चा बाजारभाव धरला गेला. विमा असलेल्या आणि स्वतः राहत्या घराला त्याच्या ९५ टक्के, विमा नसलेल्याला ८० टक्के. विम्याचे आणि सरकारी आपत्ती आयोगाचे जे पैसे आधी मिळाले असतील ते यातून वजा. समज, घराचा भाव १२ लाख डॉलर. ९५ टक्के म्हणजे ११ लाख ४० हजार. त्यातले साडेतीन लाख विम्यातून आले असतील, तर कौन्सिल देणार ७ लाख ९० हजार. मॉर्गेज ७ लाखांचं असेल तर बँक आपला वाटा आधी घेणार. एकूण हातात उरले ४ लाख ४० हजार, तेही वाट पाहताना झालेला खर्च सोडून. तेच घर विम्याशिवाय असतं तर २ लाख ६० हजार. मला ही योजना उदारच वाटते, आणि ज्यांनी ती राबवली त्यांच्याविषयी मनात आदर आहे. जगातल्या फार थोड्या लोकांना अशा वेळी एवढं मिळतं. सक्तीही नव्हती, नको म्हणायची मोकळीक होती, पण मग विमा, बँक आणि पुढे कधीतरी विक्री यांचं काय, हे ज्याचं त्याने बघायचं.

पण हा तुझा हक्क नाही. ही तरतूद त्या वादळांपुरती होती. ऑकलंडमध्ये बाराशेच्या आसपास घरं त्यात आली, आणि निम्मा खर्च कौन्सिलचा, म्हणजे तुझ्यामाझ्यासारख्या रेट्स भरणाऱ्यांचा. नेल्सनला ऑगस्ट २०२२ च्या पावसात दरडींनी घरं गेली, तिथे चौदाएक घरांसाठी वेगळीच बोलणी झाली. माताता गावाचं तर ऐकून ठेव. मे २००५ मध्ये डोंगरातून दगडमातीचा लोंढा आला, २७ घरं उद्ध्वस्त झाली. तिथल्या जमिनीवरून लोकांना पैसे देऊन हलवायचं काम संपायला २०२१ उजाडलं. तेव्हा शाळेत असलेली मुलं तोवर आईबाप झाली होती. आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या स्वतंत्र गटाने शिफारस केली की वीस वर्षांच्या संक्रमणानंतर लोकांनी अशा खरेदीची अपेक्षाच ठेवू नये, धोका मालकाने ओळखावा आणि मालकानेच पेलावा. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. पण तुमचं मॉर्गेज तीस वर्षांचं आहे, आणि वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते स्पष्ट दिसतंय.

विम्याबद्दल एक गोष्ट पक्की समजून घे, कारण भारतातून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. दरडीसाठीचं सरकारी आपत्ती आयोगाचं संरक्षण तुझ्या खाजगी घरविम्याला जोडलेलं आहे. खाजगी पॉलिसी बंद पडली की तेही गेलं. जमिनीचं संरक्षण पूर्ण प्लॉटला नसतं. घराखालची आणि घराभोवतीची ८ मीटरपर्यंतची जमीन, शिवाय घरापर्यंतच्या मुख्य वाटेचा काही भाग, एवढंच. तुला आवडलेली ती झाडीची उतरण त्यात येत नाही. आणि टायटलवर (मालकीच्या नोंदीवर) नैसर्गिक धोक्याची नोंद असेल तर आयोग दावा नाकारू शकतो. खाजगी विमा दर वर्षी नव्याने ठरतो. यंदा मिळाला म्हणून दहा वर्षांनी मिळेलच असं नाही, आणि विमा नाही म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला कर्ज नाही.

तुझं आजोळ महाडचं, म्हणून हे लिहिते. जुलै २०२१ ला तळिये दरडीखाली गेलं तेव्हा तू तुझ्या आजीला किती वेळा फोन केलेस ते तुझ्या आईने मला सांगितलं होतं. त्याआधी २०१४ मध्ये माळीण, नंतर २०२३ मध्ये इर्शाळवाडी. माळीणला दीडशेच्या वर माणसं गेली. तिथे सरकार घर विकत घेत नाही. वाचलेल्यांना दुसरीकडे घर बांधून देतं, आणि शेत, गुरं, रान जुन्या जागीच राहतं. माळीणचं नवं गाव २०१७ मध्ये उभं राहिलं आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले, भिंतींना तडे गेले. त्या माणसांनी डोंगराचा पायथा निवडला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ती तिथेच होती, आणि उताराविषयी एक कागदही कुणी त्यांच्या हातात दिला नाही. तुझ्या हातात तो कागद येऊ शकतो. तो न वाचता तू सही केलीस तर मला फार वाईट वाटेल.

आता घराचं. त्याचा लिलाव आहे असं तू म्हणालीस. लिलावात हातोडा पडला की खरेदी बिनशर्त, मागे फिरता येत नाही. म्हणून सगळी तपासणी त्याआधी. लिम रिपोर्ट, म्हणजे त्या जागेविषयी कौन्सिलकडे असलेली माहिती, कौन्सिलकडून स्वतः मागव. एजंटने दिलेली प्रत वाच, पण तिच्यावर थांबू नकोस. कौन्सिलला तो द्यायला कामाचे १० दिवस लागू शकतात, तेव्हा आजच अर्ज कर. कौन्सिलने दरडींच्या शक्यतेचे नकाशे प्रसिद्ध केलेत, त्यात हा प्लॉट बघ आणि वरचा आणि खालचाही बघ. मुरीवाईत कड्याच्या पायथ्याशी असलेली घरंही गेली. दरड तुझ्या हद्दीत सुरू व्हायची गरज नसते. मग स्वतंत्र जिओटेक इंजिनियरला पैसे देऊन उतार दाखव. बिल्डर्स रिपोर्ट हे त्याला उत्तर नाही. तो माणूस छत आणि भिंती बघतो.

तुम्ही दोघं पाऊस पडत असताना एकदा तिथे जा. छपराचं पाणी कुठे जातं ते बघ: पाइपातून रस्त्याच्या गटारात, की सरळ उतारावर सोडलंय? मी ड्रेनेजमध्ये नोकरी केली, माझा जीव तिथेच अडकणार. पण उतारावर सोडलेलं पाणी हे मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेलं कारण आहे. रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) पोटाशी फुगलीय का, तिला कौन्सिलची परवानगी होती का, झाडांची खोडं बुंध्याशी वाकलेली आहेत का, खालच्या मजल्यावरचा एखादा दरवाजा घासतो का. शेजारी गवताळ मोकळी जागा दिसली तर एजंटला विचार की तिथलं घर कधी आणि का उचलून नेलं. एजंट गप्प बसला तर समोरच्या घराची बेल वाजव. इथली माणसं सांगतात.

विमा कंपनीला पत्ता देऊन लेखी होकार घ्या, एक्सेस (दाव्यात आपल्या खिशातून भरायची रक्कम) किती ते विचारा. आणि दुसरे बोली लावतायत म्हणून घाई करा, असं कुणी म्हणालं तर त्या लिलावाला जाऊच नका. घरं पुन्हा निघतात.

लिम आला की मला पाठव. रविवारी दोघं जेवायला या, वालाचं बिरडं करते. कागद टेबलावर पसरून बसू. जिओटेकसाठी कुणाला विचारायचं तेही तेव्हाच ठरवू, लिलावाच्या तारखेआधी त्याला किमान एक फेरी मारायला वेळ हवा.

तुझी,
काकू