खिडकीला आतून झडपा लावायच्या आहेत. साग, प्लाय, एमडीएफ की डब्ल्यूपीसी? (नाशिक)

तुम्ही लिहिलंय की गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, खिडक्या स्लायडिंगच्या आहेत, हॉलची खिडकी ४ बाय ४ फूट आणि पश्चिमेला, बेडरूमची पूर्वेला, शिवाय स्वयंपाकघराची एक. पडदे काढून आतून झडपा करायच्या आहेत आणि सुतार म्हणतोय, सगळीकडे एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) करू, रंग छान बसतो. रंग खरंच छान बसतो. पण सगळ्या घराला एकच माल ठरवू नका, प्रत्येक खिडकीचं ऊन-पाणी बघून ठरवा.

आधी हवेचा विचार. नाशिकला एप्रिलमध्ये दुपारची हवा अगदी कोरडी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. लाकूड त्या हवेबरोबर ओलावा घेतं आणि सोडतं. सपाट चिरलेली एक फूट रुंद सागाची फळी उन्हाळा ते पावसाळा रुंदीत २ ते ३ मिलिमीटर फरक दाखवू शकते, लांबीत मात्र जवळजवळ काहीच नाही. म्हणून अखंड फळ्या जोडून केलेली झडप जुलैत अडकते आणि मार्चमध्ये फट दाखवते. यावरचा उपाय पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या दारा-खिडक्यांत आजही दिसतो: उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट आणि तिच्या खाचेत सुटं बसवलेलं पॅनेल. खाचेत दोन्ही बाजूंना २-२ मिलिमीटर जागा ठेवायची आणि पॅनेलला फेव्हिकॉल अजिबात लावायचा नाही. लावला, की पॅनेल तडकतं किंवा कोपऱ्याचा सांधा उघडतो.

हॉल आणि बेडरूमसाठी माझं मत सागाच्या चौकटीला आहे. वखारीत वलसाडी, सीपी, घाना अशी नावं आणि भाव ऐकवतील. नावापेक्षा दोन गोष्टी बघा. एक, खोडाच्या बाहेरचा फिकट, पांढुरका भाग पट्टीत येऊ देऊ नका. साग म्हणून वाळवीला दाद न देणारा असतो तो आतला तपकिरी गाभा. बाहेरच्या भागाला कीड आणि वाळवी दोन्ही लागतात. दुसरी गोष्ट ओलावा. मीटर असेल तर १० ते १२ टक्के दाखवायला हवा, १४ च्या वर असेल तर तो माल नको. मीटर नसेल तर पट्टीच्या मधून (टोकाचा नको, टोक लवकर सुकतं) तुकडा कापून घ्या, वजन करा आणि ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन कमी होणं थांबेपर्यंत ठेवा. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० वर आला, तर ओलावा १२ टक्के. घट नेहमी सुकलेल्या वजनाने भागायची.

वाडा पाडल्यावर निघालेला जुना साग मिळाला तर तो पहिली पसंती. तो वर्षानुवर्षं सुकलेला असतो. मात्र रंध्याला देण्याआधी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधून काढा, नाहीतर पातं जाईल.

४ बाय ४ च्या खिडकीला चार झडपा, बाहेरची चौकट आणि पॅनेल धरून रंधण्याची घट मिळवली तर साधारण २ घनफूट साग लागतो. पॅनेल सागाऐवजी प्लायचं केलं तर दीड घनफुटाच्या आसपास भागतं, आणि प्लायला हवेने फुगण्या-आकसण्याचा त्रास फारसा नसतो. पैशांचा मेळ बसवायचा तर इथे बसवा. प्लायवर आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघा आणि तळहाताएवढा तुकडा जुन्या भांड्यात ४-५ तास उकळा. थर सुटले तर शिक्क्यावर विश्वास ठेवू नका.

एमडीएफ बाद का? पश्चिमेचा पाऊस वाऱ्याबरोबर येतो, स्लायडिंगच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं धुळीने बुजतात आणि पाणी आत खिडकीच्या कडप्प्यावर उतरतं. एमडीएफची खालची कड ते पाणी शोषून फुगते आणि सुकल्यावर पूर्ववत होत नाही. शिवाय कडेत स्क्रू पकडत नाही आणि बिजागरी नेमकी कडेवरच येते. वजनही भरतं: ४५० बाय १२०० मिलिमीटर, २० जाडीचा सलग तुकडा एमडीएफचा ८ किलोच्या आसपास, सागाचा ७, पाईनचा साडेपाच. रंगवायचंच असेल तर पूर्वेच्या बेडरूमला एचडीएचएमआर (ओलाव्याला जास्त टिकणारा घट्ट बोर्ड) घ्या, कडांना दोन हात सीलर द्या.

पाईन हलका आणि स्वस्त असतो, पण गाठीतून राळ येऊन पांढऱ्या रंगावर पिवळे डाग उमटतात. गाठींवर आधी शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) हात मारावा लागतो.

स्वयंपाकघरात तेलकट वाफ असते, तिथे डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला बोर्ड) किंवा अॅल्युमिनियम बरं, कारण ते पुसता येतं. पण तेच डब्ल्यूपीसी पश्चिमेला नको. त्यात पीव्हीसी असतं आणि काच व झडप यांच्यामध्ये कोंडलेल्या उन्हात ते नरम पडतं, लांब पट्टी वाकते. १ मीटरची पीव्हीसी पट्टी ३० अंशांच्या फरकाने दीड-दोन मिलिमीटर वाढते, गडद रंग असेल तर तापते आणखी.

हेच ऊन काचेलाही त्रास देतं. गडद झडप काचेला खेटून बंद ठेवली तर काच मध्ये तापते, कडा थंड राहतात आणि साधी काच तडकू शकते. म्हणून काच आणि झडपेत किमान २ इंच अंतर, वर-खाली हवा खेळायला बोटभर फट, आणि काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकट. ऊन एकदा काचेतून आत आलं की झडप ते फारसं अडवू शकत नाही. फिकट रंग निदान त्यातलं काही परत बाहेर टाकतो.

तिरप्या पट्ट्यांच्या झडपा हव्या असतील तर ऑर्डरआधी हे गणित करा. ६३ मिलिमीटरची पट्टी आडवी केली की २८ जाडीच्या झडपेच्या दोन्ही बाजूंना साधारण १८ मिलिमीटर बाहेर येते, ८९ ची ३० मिलिमीटर. स्लायडिंगचं हँडल त्यात अडकतं का ते फूटपट्टीने बघा.

माप वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी घ्या आणि सर्वांत लहान धरा. दोन्ही कर्णही मोजा. भिंती क्वचितच काटकोनात असतात. बाजूंना ३-३ मिलिमीटर आणि खाली कडप्प्यापासून ६ मिलिमीटर सोडा. एवढ्या उंचीला प्रत्येक झडपेला तीन बिजागऱ्या, ७५ मिलिमीटरच्या, पितळी किंवा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसच्या. सांधे कुसू-खाचेचे (एका पट्टीचं टोक दुसरीच्या खाचेत बसवलेले), नुसते खिळे-डिंकाचे नकोत. साग तेलकट असतो, त्यामुळे चिकटवण्याआधी सांध्याची जागा थिनरने पुसून घ्यायला सांगा.

पॉलिश मेलामाइन चालेल, पश्चिमेला पीयू (पॉलियुरेथेन) घ्या. दोन्ही बाजूंना सारखेच हात हवेत. खोलीतून दिसते म्हणून एकीकडे तीन आणि मागे एक दिला, तर मागची बाजू जास्त ओलावा पिते आणि झडप वाकते. खालची कड तर बसवल्यावर दिसत नाही, म्हणून तीच नेहमी कोरी राहते. झडप चढवायच्या आधी ती उलटी धरून स्वतः बघून घ्या.