नव्याण्णव क्रेटचे नऊशे नव्वद

धरमपेठ, नागपूर

प्रिय बेटा,

बाबांच्या दुकानातल्या क्रेटची शिल्लक ठेवायला तू पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत प्रोग्राम लिहिलास, त्याचा तू पाठवलेला फोटो काल रात्री पाहिला. पडद्यावर ‘शिल्लक क्रेट : 990’. आधी 100 होते, मुनीमजींनी एक विकला आणि शिल्लक 890 नं वाढली. संत्र्याचा आंबिया बहार कितीही चांगला आला तरी कळमन्याच्या बाजारात असं होत नाही बाप्पा!

घाबरू नकोस, पीएचपीनं तू सांगितलं तेवढंच केलं. फाइल ‘आर प्लस’नं (वाचायचा आणि लिहायचा मोड) उघडलीस, 100 वाचलेस, एक वजा केलास, रिवाइंड करून सुरुवातीला आलीस आणि 99 लिहिलेस. पहिल्या दोन खणांत दोन नऊ बसले. तिसऱ्या खणातलं जुनं शून्य हलवायला कोणीच सांगितलं नव्हतं, ते तिथंच राहिलं. रिवाइंड विसरली असतीस तर 10099 दिसले असते.

टेक्स्ट फाइल म्हणजे ओळीनं मांडलेले बाइट, म्हणजे हे खण. मधली ओळ लांबली तर पुढच्या ओळी सरकून जागा देत नाहीत, नवा मजकूर त्यांच्यावरच चढतो. ओळ आखूड झाली तर जुन्याचं शेपूट मागे उरतं. म्हणून ‘एवढी एकच ओळ बदलायची आहे’ असं असलं तरी अख्खी फाइल वाचायची, बदल मेमरीत करायचा आणि अख्खी पुन्हा लिहायची. लहान फाइलीला यात काही कष्ट नाहीत.

तू यावर लगेच ‘डब्ल्यू’चा, म्हणजे नुसत्या लिहिण्याच्या मोडचा, उपाय केलास. तिथून खरी गंमत सुरू झाली, कारण आज दुपारी पडदा -1 दाखवत होता म्हणतेस. ‘डब्ल्यू’नं उघडताक्षणीच फाइल रिकामी होते. तू अजून एक अक्षर लिहिलेलं नसतं, कुलूपही (दुसऱ्याला थांबवून धरणारं लॉक) लावलेलं नसतं, आणि आतलं सगळं गेलेलं असतं. नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या फोनवरून कोणी विक्री टाकली तर त्याला रिकामी फाइल मिळते. रिकाम्या मजकुराचा आकडा केला की पीएचपी 0 देतं, त्यातून एक गेला की -1.

आता मुख्य गोष्ट. दुकानात फोन दोन आहेत. समज, शिल्लक 57 आहे. बाबांच्या फोनवरून सर्व्हरला गेलेली विनंती 57 वाचते, मुनीमजींचीही 57 वाचते. दोघी आपापल्या जागी 56 काढतात आणि लिहितात. क्रेट गेले दोन, वहीत उतरला एक. इथं लिहिण्यात कोणीच चुकलेलं नाही. घोटाळा वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या वेळात आहे, आणि त्या मधल्या वेळेची काळजी घेणं हेच फाइल अपडेट करण्यातलं खरं काम आहे. ‘फाइल पुट कंटेंट्स’ या फाइल एकदम लिहिणाऱ्या फंक्शनला ‘लॉक ईएक्स’ (कुलूप लाव) दिलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. त्यानं लिहितानाच्या क्षणापुरतं कुलूप लागतं. तू 57 वाचलेस तेव्हा दार उघडंच होतं ना?

म्हणून कुलूप वाचण्याआधी लावायचं आणि लिहून झाल्यावर काढायचं. फाइल ‘सी प्लस’नं उघड. हा मोड फाइल नसेल तर बनवतो, असेल तर तिला धक्का लावत नाही. मग ‘फ्लॉक’ या कुलपाच्या फंक्शननं एक्स्क्लुझिव्ह लॉक (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) घे, त्यानंतरच वाच. हिशेब कर. रिवाइंड कर, ‘एफट्रंकेट’नं लांबी 0 कर, नवा आकडा लिही, ‘एफफ्लश’नं लिहिलेलं फाइलीत उतरव, कुलूप सोड, फाइल बंद कर. एफट्रंकेट फाइल कापतो, पण तुझी जागा हलवत नाही. 100 वाचून रिवाइंड राहिलं तर तू चौथ्या खणापासूनच लिहितेस आणि पुढ्यात तीन शून्य-बाइट बसतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, आकड्याची वाट मात्र लावतात.

या कुलपाबद्दल एक ध्यानात ठेव. लिनक्सवर फ्लॉकचं कुलूप म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल. ज्याला रीत माहीत आहे तो पुढच्या सीटकडे जातो. ज्यानं रुमालाकडे पाहिलंच नाही तो सरळ बसतो, आणि कंडक्टर काही त्याला उठवत नाही. तेव्हा त्या फाइलीला हात लावणाऱ्या तुझ्या प्रत्येक स्क्रिप्टनं फ्लॉक मागितलंच पाहिजे. नुसतं वाचून दाखवणाऱ्या पानानंसुद्धा, त्याला शेअर्ड लॉक (वाचणाऱ्यांना एकत्र मिळणारं) पुरे.

माझी एक फजिती सांगतो. एका संस्थेच्या कार्यक्रमाची नावनोंदणी मी अशाच फाइलीवर चालवली होती. खुर्च्या 60. फाइल वाचता आली नाही तर 60 पासून सुरू कर, एवढी अट घातली होती, आणि ती उद्गारचिन्ह लावून, ‘नसेल तर’ अशी. शेवटची खुर्ची गेली, फाइलीत 0 उतरला. पीएचपीच्या हिशेबी "0" हा मजकूरसुद्धा ‘नाही’ यातच मोडतो. झालं, पुन्हा 60 खुर्च्या! त्या संध्याकाळी पायऱ्यांवर बसलेल्या लोकांकडे मला बघवत नव्हतं. फाइल वाचली गेली की नाही हे तीन बरोबरच्या चिन्हांनी, थेट ‘फॉल्स’शी ताडून पाहा. तुझ्या बाबांकडे सगळा माल संपेल त्या दिवशी हे कामाला येईल.

हे सगळं लिहिलं खरं, पण मला विचारशील तर मी शिल्लक आकडा फाइलीत ठेवणारच नाही. बाबांची रोजकीर्द उघडून बघ. त्यात कोणी शिल्लक खोडून नवी लिहीत नाही. आवक झाली, ओळ टाकली. विक्री झाली, ओळ टाकली. संध्याकाळी बेरीज मारली. तुझी फाइलही ‘ए’ मोडनं उघड आणि प्रत्येक व्यवहाराची एक ओळ शेवटी जोडत जा: वेळ, जमा की नावे, किती क्रेट. जुन्याला हात लागत नाही, त्यामुळे 990 ही नाही आणि -1 ही नाही. शिवाय भांडण झालं तर कोणत्या वेळी काय गेलं ते दिसतं. एकाच वेळी दोन ओळी एकमेकींत घुसू नयेत म्हणून इथं मात्र फाइल पुट कंटेंट्स, सोबत ‘फाइल अपेंड’ आणि लॉक ईएक्स, एवढ्यावर भागतं. ओळीच्या शेवटी नवी ओळ टाकायला विसरू नकोस. आणि ‘शिल्लक आहे का’ हे पाहूनच विक्री टाकायची असेल, तर पुन्हा आधी कुलूप, मग वाचन. त्यातून सुटका नाही. गावागणिक हिशेब, गिऱ्हाइकागणिक उधारी असं वाढत गेलं की एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसकडे जा. तीही एकच फाइल असते.

गावांची नावं मराठीत लिहितेस ते छान. पण ‘नागपूर’ यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 18 बाइटचं आहे. बाइट मोजणारं ‘एसटीआरलेन’ 18 सांगतं, काने-मात्रा सुटे मोजणारं ‘एमबी एसटीआरलेन’ 6, आणि आपण मोजतो चार अक्षरं. रकाने जागा मोजून पाडू नकोस, मध्ये उभी रेघ घाल. आणि मुनीमजींनी जुन्या नोटपॅडमध्ये फाइल उघडून यूटीएफ-8 म्हणून सेव्ह केली असेल तर सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट चिकटतात. पहिल्याच ओळीत आकडा असला तर त्याचा 0 होतो.

तू विचारलंस, घरी लॅपटॉपवर सगळं ठीक चालतं, मग दुकानातच का बिघडतं? घरी तू पीएचपीचा आतला छोटा सर्व्हर वापरतेस. तो सहसा एका वेळी एकच विनंती घेतो, म्हणजे गर्दीच होत नाही. तपासणी अपाचीवर, म्हणजे अनेक विनंत्या एकदम घेणाऱ्या सर्व्हरवर, कर. वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या मध्ये ‘स्लीप’ घालून दहा सेकंद थांबव. लॅपटॉपवरून एक विक्री टाक, लगेच फोनवरून दुसरी. फोन ताटकळत राहिला आणि शेवटी शिल्लक दोननं उतरली तर कुलूप जागेवर आहे. दोन्ही उत्तरं एकदमच आली तर कुलूप वाचण्याच्या नंतर लागलंय. काय झालं ते कळव. आणि तो स्लीप काढायला विसरू नकोस, नाहीतर बाबा माझ्या नावानं ओरडतील.

तुझा,
काका

ता. क. : ‘परवानगी नाही’ म्हणून एरर आला तेव्हा तू फोल्डरला 777 (सगळ्यांना सगळी परवानगी) दिलंस, ते आजच काढ. उबुंटूवर अपाची ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या नावानं चालतो. फोल्डर त्याच्या मालकीचं कर, बस. फाइलही वेबसाइटच्या फोल्डरबाहेर ठेव. सध्या ब्राउझरमध्ये तिचं नाव टाकलं की कोणालाही बाबांची अख्खी विक्री वाचता येते. मी आत्ताच वाचली.