'सर्व हक्क' म्हणजे किती वर्षांचे हक्क?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझी एक कादंबरी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ मार्च २०१४ रोजी एका निर्मात्याने शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर माझी सही घेऊन 'सदर कादंबरीचे चित्रपट, दूरदर्शन मालिका व इतर माध्यमांतील सर्व हक्क' ५१,००० रुपयांना घेतले. चित्रपट काही झाला नाही. आता दुसऱ्या एका निर्मिती संस्थेला या कादंबरीवर वेब मालिका करायची आहे आणि तिने कराराचा मसुदा पाठवला आहे. हे कळताच जुन्या निर्मात्याच्या कंपनीची वकिलामार्फत नोटीस आली. हक्क आमचेच आहेत, पटकथा २०१६ मध्ये तयार झाली आहे, शीर्षकही आम्ही नोंदवले आहे, १५ दिवसांत व्यवहार थांबवा, असे तिच्यात म्हटले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मी व्हॉट्सॲपवर 'तुमचे चालू द्या, माझी हरकत नाही' असे कळवले होते, तेही नोटिशीला जोडले आहे. घेतलेले पैसे परत करावेत का? नव्या करारावर सही करावी का?

उत्तर : आपण पाठवलेला स्टॅम्प पेपरचा फोटो, नोटीस, व्हॉट्सॲप संदेश आणि नवा मसुदा मी वाचला. माझे मत आधीच सांगतो. जुन्या निर्मात्याला मिळालेले हक्क मार्च २०१९ मध्ये संपले आहेत, त्यामुळे पैसे परत करण्याचे कारण नाही. मात्र नव्या मसुद्यावर तो आज आहे तशा स्वरूपात सही करू नका. नोटीस वाचून आपल्याला भीती वाटली हे स्वाभाविक आहे, पण मला त्या नोटिशीपेक्षा नव्या मसुद्यातील दोन-तीन कलमांची काळजी अधिक वाटते.

प्रथम स्टॅम्प पेपरविषयी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार स्वामित्वहक्काचे हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीनिशी असावे लागते. तसेच कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदतीसाठी आणि कोणत्या प्रदेशापुरते दिले, हे त्यात नमूद असावे लागते. आपल्या कागदात कृती आहे, हक्क आहेत, रक्कम आहे. मुदत आणि प्रदेश नाहीत. अशा अपुऱ्या कागदासाठी कायद्याने स्वतःच उत्तर देऊन ठेवले आहे. मुदत लिहिलेली नसेल तर ती हस्तांतरणाच्या तारखेपासून पाच वर्षे मानली जाते, असे पोटकलम ५ सांगते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरतेच दिले असे मानले जाते, असे पोटकलम ६ सांगते. 'जगभरातील कायमस्वरूपी हक्क' ही नोटिशीतील भाषा आपल्या कागदात कुठेही नाही.

नोटिशीचा सगळा डोलारा 'सर्व' या एका शब्दावर उभा आहे. 'सर्व हक्क' म्हणजे कायमचे हक्क, असे समोरच्या वकिलांनी गृहीत धरले आहे. परंतु 'सर्व' हा शब्द हक्कांचे प्रकार सांगतो, काळ सांगत नाही. घरातली सर्व भांडी शेजाऱ्यांना लग्नकार्यासाठी दिली म्हणून ती त्यांची झाली, असे कोणी म्हणत नाही. 'कायमस्वरूपी', 'तहहयात', 'कायद्याने उपलब्ध असलेल्या संपूर्ण मुदतीसाठी' असा काळ सांगणारा एकही शब्द त्या मजकुरात नाही, आणि म्हणून पाच वर्षांचा नियम लागू होतो. हा व्यवहार हस्तांतरणाचा नसून परवान्याचा होता असे उद्या कोणी म्हणाले, तरी कलम ३०अ नुसार कलम १९ मधील तरतुदी परवान्यालाही योग्य त्या फेरफारांसह लागू होतात.

मात्र एक गोष्ट आपल्याला आजच तपासायची आहे. आपण कागदाच्या दर्शनी बाजूचा फोटो पाठवला आहे आणि त्यात मागच्या बाजूची निळी शाई खालच्या कोपऱ्यात पुसट उमटलेली दिसते. मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का आणि नोंद बहुधा मागेच असते, तेव्हा ते तेवढेच असण्याची शक्यता आहे. पण त्या बाजूला हाताने लिहिलेली एखादी अट असेल आणि खाली आपली सही असेल, तर मी वर लिहिलेले मत बदलू शकते.

कलम १९ च्याच पोटकलम ४ मध्ये आणखी एक तरतूद आहे. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत, तर कागदात वेगळे काही म्हटलेले नसल्यास ते वर्ष संपल्यावर त्या हक्कांपुरते हस्तांतरण संपुष्टात आले असे मानले जाते. हे वर्ष मार्च २०१५ मध्ये संपले. चित्रपट झाला नाही हे उघड आहे, परंतु पटकथा लिहून घेणे हाही रूपांतराच्या हक्काचा वापरच आहे असा युक्तिवाद समोरून येईल आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पटकथा २०१६ मध्ये पूर्ण झाली असे ते म्हणतात. ती सुरू कधी झाली, पटकथाकाराशी करार कधी झाला, त्याला पैसे कधी दिले, हे त्यांनी कागदोपत्री दाखवावे, अशी मागणी आपल्या उत्तरात जरूर करावी. तरीही आपली मुख्य भिस्त पाच वर्षांच्या मुदतीवर ठेवावी असे मला वाटते. पटकथा वेळेत लिहिली गेली असे सिद्ध झाले तरी तेवढ्याने ती मुदत वाढत नाही.

काही मित्रांनी आपल्याला सांगितले आहे की २०१४ मध्ये ओटीटी नव्हतेच, त्यामुळे वेब मालिकेचा हक्क त्या कागदात येऊच शकत नाही. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये असे एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, खरोखर आले आहे : हस्तांतरणाच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख कागदात असल्याशिवाय त्या माध्यमाचा हक्क जात नाही. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आले हेही खरे. पण इंटरनेटवरून चित्रपट आणि मालिका पैसे घेऊन दाखवण्याचा व्यवसाय त्याआधीपासून चालू होता, त्यामुळे हा मुद्दा बोलायला जितका सोपा वाटतो तितका न्यायालयात टिकेलच असे नाही. उत्तरात तो एका वाक्यात नोंदवावा. त्यावर इमारत बांधू नये.

आता व्हॉट्सॲप संदेश. नोटिशीला फक्त आपले उत्तर जोडले आहे. त्याच्या वरचा निर्मात्याचा संदेश कापलेला आहे. आपण पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तो दिसतो : 'पटकथेचे काम चालू आहे, थोडा उशीर होतोय, राग मानू नका.' त्यावर आपण 'तुमचे चालू द्या' असे म्हटले. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच वर्षांपैकी जवळजवळ सोळा महिने शिल्लक होते. जे चालू आहे ते चालू राहू द्या, एवढाच त्या वाक्याचा अर्थ होतो. त्यात नवी मुदत नाही, नवा मोबदला नाही आणि हक्क पुन्हा दिल्याचा एक शब्दही नाही. व्हॉट्सॲप संदेश म्हणजे सही नव्हे, असे केवळ तांत्रिक उत्तर देण्याऐवजी संपूर्ण संभाषणच पुढे ठेवणे आपल्या फायद्याचे आहे. त्यासाठी तो फोन विकू नका, बदलू नका आणि त्यातील एकही संदेश पुसू नका. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह हे संभाषण पुराव्यात दाखल करावे लागेल.

नोटिशीतील आणखी एक बाब आपल्या नजरेतून सुटलेली दिसते. स्टॅम्प पेपर निर्मात्याच्या वैयक्तिक नावावर आहे आणि नोटीस मात्र एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या वतीने आहे. कायद्याच्या दृष्टीने त्या दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत. निर्मात्याकडून कंपनीकडे हे हक्क कोणत्या लेखी दस्ताने आणि कधी आले, हे कंपनीने दाखवले पाहिजे. असा दस्त नसेल तर कंपनीला नोटीस देण्याचाच अधिकार उरत नाही. असला तरी, मूळ निर्मात्याकडे जितकी मुदत होती त्यापेक्षा अधिक तो देऊ शकत नव्हता.

शीर्षकाच्या नोंदणीने घाबरण्याचे कारण नाही. निर्मात्यांच्या संघटनांकडे होणारी नोंदणी ही त्यांच्या सभासदांमधली अंतर्गत व्यवस्था असते. तिच्यामुळे कथेवर कोणताही हक्क मिळत नाही, आणि केवळ शीर्षकाला स्वामित्वहक्काचे संरक्षण नसते हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कृषिका लुल्ला प्रकरणात स्पष्ट केले आहे. अर्थात तोच नियम आपल्यालाही लागू आहे. वेब मालिकेचे नाव बदलावे लागले तर त्यावरून व्यवहार मोडू देऊ नका.

जुनी पटकथा मात्र नाजूक बाब आहे. ती आपल्या कादंबरीवर आधारित असली तरी तिच्यात पटकथाकाराने स्वतः रचलेले प्रसंग आणि संवाद यांवर आपला हक्क नाही. निर्मात्याने २०१६ मध्ये तिची एक प्रत आपल्याला वाचायला दिली होती, असे आपण पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे. ती प्रत नव्या संस्थेला देऊ नका, तिच्यातील कल्पना चर्चेतही सांगू नका. नव्या लेखकांनी फक्त छापील कादंबरीवरून काम केले, हे उद्या सिद्ध करता आले पाहिजे.

आता नवा मसुदा. त्याच्या चौदाव्या कलमात आपण अशी हमी देता की हे हक्क संपूर्णपणे आपल्या मालकीचे असून त्यांवर 'कोणाचाही दावा, हरकत अथवा वाद नाही', आणि पंधराव्या कलमात ही हमी चुकीची ठरल्यास कंपनीचे सर्व नुकसान, वकिलांची फी आणि न्यायालयीन खर्च भरून देण्याचे मान्य करता. नोटीस हातात असताना 'वाद नाही' असे लिहून देणे म्हणजे पहिल्याच दिवशी खोटी हमी देणे होय. जुना निर्माता उद्या दावा हरला तरी ही हमी खोटीच राहते, कारण वाद होता. एका वेब मालिकेचे चित्रीकरण मनाई हुकुमामुळे दोन महिने थांबले तर होणारा खर्च आपल्याला मिळणाऱ्या मानधनाच्या कितीतरी पट असेल आणि तो या कलमामुळे आपल्या राहत्या घरापर्यंत पोहोचू शकतो.

म्हणून नोटीस आणि स्टॅम्प पेपर या दोन्हींची प्रत नव्या संस्थेच्या वकिलांना आजच, लेखी पत्रासोबत द्या. ते मागे फिरतील अशी आपली भीती मला अनाठायी वाटते; असे जुने कागद बहुतेक कादंबऱ्यांच्या मागे असतात आणि त्यांचे वकील ते रोज पाहतात. हमीच्या कलमात 'परिशिष्टात नमूद केलेल्या नोटिशीखेरीज' हे शब्द घालून घ्या. भरपाईची कमाल मर्यादा आपल्याला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेइतकी ठेवा आणि न्यायालयाच्या अंतिम निर्णयाआधी ती देय होणार नाही, असे लिहून घ्या.

नवव्या कलमात 'कॉपीराइट कायद्याच्या कलम १९(४) मधील तरतूद या करारास लागू होणार नाही' असे एक छोटे वाक्य आहे. ज्या तरतुदीचा आधार आज आपण घेत आहोत, तीच येथे काढून घेतली जात आहे, आणि कायद्याने तशी मुभा दिलेली आहे. हे वाक्य पूर्ण वगळायला ते बहुधा तयार होणार नाहीत, कारण वर्षभरात चित्रीकरण सुरू करणे अनेकदा शक्य नसते. त्याऐवजी तीन वर्षांत मुख्य चित्रीकरण सुरू न झाल्यास सर्व हक्क कोणत्याही पत्राविना आपोआप आपल्याकडे परत येतील, अशी अट मागा. बाविसाव्या कलमातील नैतिक हक्क सोडून देण्याची भाषाही बदलून घ्या. श्रेयनामावलीत लेखिका म्हणून नाव येणे आणि कृतीचा प्रतिष्ठेला बाधक असा विपर्यास न होणे हे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खालील हक्क आहेत, आणि हस्तांतरणानंतरही ते लेखकाकडे राहतात हे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या प्रकरणात मान्य केले आहे. कथेतील सर्वच बदलांना ते आडवे येत नाहीत, तेव्हा कोणते बदल आपल्याला विचारून व्हावेत हे करारातच लिहिलेले बरे.

५१,००० रुपये हा पाच वर्षे हक्क राखून ठेवल्याचा मोबदला होता आणि ती पाच वर्षे निर्मात्याला पूर्ण मिळाली. ते आता आपण होऊन परत केले, तर त्याचा अर्थ हक्क अजून त्याचेच होते असा काढला जाईल. नव्या संस्थेला जुन्या निर्मात्याचे ना-हरकत पत्र हवेच असेल, तर ती तडजोड तिने आपल्या खर्चाने करावी, आणि त्या पत्रात आपल्या हक्कांना बाधा न येता ते घेतले जात आहे, असा उल्लेख असावा.

नोटिशीला उत्तर १५ दिवसांच्या आत आपल्या वकिलांमार्फत स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. त्याच दिवशी, दावा जिथे दाखल होण्याची शक्यता आहे त्या न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करा, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय मनाई हुकूम होण्याचा धोका टळेल. कॅव्हेट ९० दिवस टिकते. ती मुदत संपण्याआधी नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवा. दावा न करता ते नुसत्याच धमक्या देत राहिले, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली आपल्यालाच न्यायालयात जाऊन त्या धमक्या निराधार असल्याचे जाहीर करून घेता येते. तूर्त ती घाई करू नये, कारण नव्या संस्थेशी करार पूर्ण होण्याआधी आपणच वाद न्यायालयात नेणे सोयीचे नाही.

या सगळ्याआधी कपाटातून २००३ चे प्रकाशकाबरोबरचे करारपत्र काढा. नाट्य आणि चित्रपट रूपांतराचा हक्क, किंवा त्या उत्पन्नातील वाटा, प्रकाशकाकडे ठेवणारे एखादे कलम त्यात असेल, तर नव्या संस्थेला तेही त्याच पत्रात कळवावे लागेल. ते करारपत्र आणि स्टॅम्प पेपरच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो आपल्या वकिलांना दाखवल्यानंतरच उत्तराचा मसुदा पक्का करा.